धुतलेलं इंजिन आणि ओली टोपी

इंजिन धुवा, अशी मागणी इंजिनाने केलेली मी कधी ऐकली नाही. तेल कमी झालं, टॅपेट ढिले झाले, प्लग काळे पडले, तर ते आवाजाने कळवतं नाही तर धुराने. अंगावर बोटभर चिकटा साचला तरी मुकाट चालत राहतं. धुण्याची हौस माणसाची. माझ्या घरातल्या कितीतरी दिवाळ्या या हौसेच्या पैशावर झाल्या आहेत, तेव्हा मी तिला नावं ठेवणार नाही. ती कुठून आली आणि कशी ओसरली, तेवढं सांगतो.

मी लालबागच्या एका गाळ्यात ऑटो-इलेक्ट्रिकचं काम शिकलो. पाटीवर मोठं इंग्रजी नाव होतं. लोक आम्हांला वायरिंगवाले म्हणत. सत्तरच्या दशकाची सुरुवात होती. रस्त्यावर मोटार म्हणजे एक तर फियाट, नाही तर अॅम्बॅसडर, मधूनच एखादी स्टँडर्ड हेराल्ड. गाळ्याचे मालक रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमान. त्यांना सगळे चाचा म्हणत, गिऱ्हाइकंसुद्धा. इंजिन खोलणारे मिस्त्री शेजारच्या गाळ्यात असत. ‘धुतली आणि बंद पडली’ अशी गाडी मात्र तेही आमच्याकडे ढकलत. ढकलत म्हणजे अक्षरशः, चार माणसं लावून.

गाडी धुण्यामागे तेव्हा तीन कारणं असत. पहिलं पासिंगचं. टॅक्सी दरवर्षी आरटीओला दाखवावी लागे. साहेबाला ब्लॉकवर ठोकलेला इंजिन नंबर आणि खालचा चेसिस नंबर वाचता यायला हवा. चेसिस नंबरावर पातळ कागद धरून वरून पेन्सिल घासायची, की आकडे कागदावर उमटतात. तो कागद फायलीला लागे. वर्षभराचं तेल आणि रस्त्याची धूळ त्या आकड्यांत भरून बसलेली असे, म्हणून पासिंगच्या आदल्या रात्री टॅक्सी धुवायची. रात्रीच, कारण दिवसा धंदा सोडून कोण धुणार? रात्री धुतलेल्या इंजिनाला ऊन मिळत नाही, आणि सगळी गोम तिथेच होती. सकाळी ताडदेवच्या आरटीओच्या रांगेत धक्का मारत पुढे सरकवल्या जाणाऱ्या चकचकीत टॅक्स्या मी पाहिलेल्या आहेत. इंजिन नंबर लख्ख दिसतोय आणि इंजिन चालत नाही, अशा गाडीचं साहेबाने काय करायचं?

दुसरं कारण विक्रीचं, आणि त्याबद्दल माझं मत आजही कडवट आहे. गाडी विकायला काढली की दलाल पहिलं काम इंजिन धुण्याचं सांगे. कारण उघड आहे. रॉकर कव्हरच्या गॅस्केटमधून तेल गळतं की मागच्या ऑइल सीलमधून, हे मळक्या इंजिनावर पाच मिनिटांत कळतं. तेलाचा ओघळ जिथून सुरू होतो तिथे रोग. धुतल्यावर तो पुरावाच जातो. जुनी गाडी घेणाऱ्याला मी अजून हेच सांगतो, की धुळीने भरलेलं, पण कोरडं इंजिन बघून पैसे दे. आरशासारखं चमकणारं असेल तर आठ दिवस थांब.

तिसरं कारण दसरा. दसऱ्याला बोनेटवर झेंडूचा हार, चाकाखाली लिंबू, स्टिअरिंगला कुंकू. आणि कुंकू लावायचं तर गाडी आधी न्हाऊ घातलीच पाहिजे. गिरणगावात या सणाला वेगळंच वजन होतं. गिरण्यांत यंत्रांची पूजा होई, आणि त्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, गॅरेजमध्ये हत्यारांची. आम्ही पाने, पकडी, हातोड्या, टेस्ट लॅम्प, सगळं धुऊन पुसून पाटावर मांडत असू. व्हाइसला हार घालत असू. पूजेला मांडलेलं हत्यार त्या दिवशी उचलायचं नाही, हा नियम. चाचांचा सण वेगळा, पण हा नियम ते आमच्यापेक्षा कडक पाळत. आणि नेमक्या त्याच दिवशी, दुसऱ्या दिवशीच्या तयारीत न्हायलेल्या गाड्या ढकलत दारात येत.

चाचा पाटाकडे बघतही नसत. डिस्ट्रिब्युटरची टोपी दोन स्प्रिंगच्या क्लिपांवर बसलेली असते. दोन्ही अंगठ्यांनी दाबलं की सुटते. तिला पाना लागत नाही, स्क्रू ड्रायव्हर लागत नाही. त्यामुळे खंडेनवमीला एकही हत्यार न उचलता ते गाड्या चालू करून देत. आम्ही पोरं त्याला चमत्कार समजायचो. पुढे काम कळलं तेव्हा लक्षात आलं, की तो चमत्कार मोटारीच्या रचनेतच होता आणि त्याला तेव्हा साठ वर्षं होऊन गेली होती.

पेट्रोलच्या इंजिनाला ठिणगी लागते. शतकाच्या सुरुवातीला ती मॅग्नेटोतून मिळे. जर्मनीत रॉबर्ट बॉशच्या कारखान्यात होनोल्ड नावाच्या इंजिनिअरने १९०२ साली उच्च दाबाचा मॅग्नेटो आणि त्याच्या जोडीचा स्पार्क प्लग सिद्ध केला. मग अमेरिकेत चार्ल्स केटरिंगने बॅटरी, कॉइल आणि पॉइंट यांची जुळणी बसवली. ती १९१० च्या कॅडिलॅकवर आली, आणि दोन वर्षांनी त्याचाच विजेचा सेल्फ. तिथून पुढची सत्तरेक वर्षं जगातल्या बहुतेक पेट्रोल मोटारींनी थोड्याफार फरकाने केटरिंगचीच पद्धत चालवली. कुर्ल्याला वालचंद हिराचंदांच्या प्रीमियरच्या कारखान्यात १९४७ पासून डॉज आणि प्लिमथ जुळू लागल्या, त्यांत तीच होती. पुढे त्याच कारखान्यातून फियाट ११०० निघाली, तिचीच सत्तरच्या दशकात प्रीमियर पद्मिनी झाली, तिच्यातही तीच.

पद्धत अशी. बॅटरीचे बारा व्होल्ट कॉइलमध्ये जातात. पॉइंट उघडला की कॉइलमधून पंधरा-वीस हजार व्होल्टचा झटका निघतो. तो जाड वायरीने टोपीच्या मधोमध येतो, आत फिरणारा रोटर तो एकेका पितळी टोकाला देतो, तिथून प्लगला. चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल, तर हे काम सेकंदाला शंभर वेळा होतं. वीस हजार व्होल्ट अडवून धरायला मध्ये काय असतं? बेकेलाइटची टोपी आणि वायरीवरचं रबर. कोरडं असेपर्यंत पुरतं. ओलं झालं, आणि त्या ओलाव्यात मळ, मीठ, साबण मिसळला, की करंटला प्लगच्या फटीतून उडी मारण्याचं कारण उरत नाही. टोपीच्या अंगावरूनच तो ब्लॉककडे सरपटत जातो. अंधारात बोनेट उघडून सेल्फ मारला तर हे डोळ्यांनी दिसे: निळ्या बारीक रेघा, वायरींवर वळवळणाऱ्या. गिऱ्हाईक घाबरे. चाचा मात्र खूश होत, कारण चोर कुठे आहे ते चोरानेच दाखवलेलं असे.

गिऱ्हाइकाचा नेहमीचा सवाल असे: धुवायला नेली तेव्हा तर चालत होती, मग आता काय झालं? याचं उत्तर मला फार आवडतं, म्हणून जरा सविस्तर देतो. चालत्या इंजिनात बॅटरी-डायनामोचा पूर्ण दाब कॉइलला मिळतो, ठिणगी दणदणीत असते, थोडी गळती झाली तरी भागतं. बंद इंजिन उचलताना सेल्फ एकटाच इतका करंट ओढतो, की बॅटरी बारावरून नऊ-दहा व्होल्टवर येते. कॉइलला तेवढंच उरतं, ठिणगी मुळात अशक्त, त्यात ओल्या टोपीतून गळती. गळक्या पोहऱ्याने पाणी शेंदावं तसा प्रकार; वर येईपर्यंत पोहरा रिकामा. म्हणूनच अशी गाडी सेल्फला उचलत नाही आणि धक्क्याला उचलते. धक्क्यावर सेल्फ फिरत नसतो, बॅटरीचा सगळा जोर कॉइललाच मिळतो. टॅक्सीवाल्यांना हे कारण ठाऊक नव्हतं, उपाय पक्का ठाऊक होता. परळच्या पुलाचा उतार या कामासाठी किती वापरला गेला असेल!

दुसरा सवाल: मी वरून कोरडं पुसलं, तरी का उचलत नाही? कारण पाणी आत असतं. गरम इंजिनावर गार पाणी मारलं की वाफ होते, ती टोपीच्या बारीक भोकांतून आत शिरते, आणि टोपी गार झाली की आतल्या बाजूला दव धरतं. संध्याकाळी धुतलेली गाडी रात्री चालायची आणि पहाटे रुसायची, ती यामुळे. गरम इंजिनावर गार पाणी मारल्याने याहून वाईटही होतं. एक्झॉस्टचं ओतीव मॅनिफोल्ड तडकतं, आणि ते पुसून बरं होत नाही.

चाचांची पद्धत ठरलेली होती. आधी सेल्फ मारायला लावून नुसतं ऐकायचं. सेल्फ फिरलाच नाही, तर टोपीकडे जायचंच नाही. बॅटरीचे टर्मिनल, सोलेनॉइडची वायर, इंजिन आणि बॉडी यांच्यामधली अर्थिंगची पट्टी बघायची. धुणाऱ्या पोराने ब्रश जोरात चालवला, की कॉइलवरची एखादी बारीक वायर सुटलेली असे. अर्ध्या गाड्यांचा निकाल तिथे लागे. सेल्फ जोमात फिरतोय आणि इंजिन पकडत नाही, असं असेल तर टोपीच्या मधोमधची जाड वायर काढायची, कपडे वाळत घालायच्या लाकडी चिमट्यात धरायची आणि तिचं टोक ब्लॉकपासून नखाएवढं दूर ठेवून पोऱ्याला सांगायचं, “मार रे सेल्फ.” कडकडीत निळी ठिणगी आली तर कॉइलपर्यंत सगळं ठीक, दुखणं टोपी, रोटर किंवा प्लगच्या वायरीत. पिवळी, मरगळलेली आली किंवा आलीच नाही, तर पॉइंट, कंडेन्सर, नाही तर कॉइलचं तोंडच ओलं. दोन मिनिटांत अर्ध्या शक्यता बाद. मी पुढे कितीतरी महागडी यंत्रं पाहिली. पण ती बघतात ते हेच.

मग टोपी. उलटी धरायची, उजेडात बघायची. थेंब असतील तर पुसायचे, पण कशाने पुसायचे यावर चाचांची शिस्त होती. गॅरेजमध्ये तेव्हा गिरण्यांतून येणारी सुताची वेस्ट वापरत. हाताचं तेल पुसायला ती उत्तम, टोपीला वाईट, कारण तिचे तंतू पितळी टोकांना अडकून राहतात आणि ओल धरतात. टोपीसाठी त्यांच्याकडे जुन्या धोतराचा वेगळा फडका होता, त्याला दुसरं काही लावलेलं चालत नसे. १९८२ च्या गिरणी संपानंतर आमच्याकडे सुताची वेस्ट येईनाशी झाली आणि बनियनच्या चिंध्या येऊ लागल्या. गिरणगावाचं कंबरडं मोडलं त्या काळातली ही अगदीच बारीक गोष्ट आहे, पण टोपीपुरतं बोलायचं तर चिंधी बरी.

पुसताना मधली कार्बनची कांडी सांभाळायची. ती छोट्या स्प्रिंगवर असते, उडून गटारात गेली की दिवस गेला. रोटर वर ओढून काढायचा, खालून पुसायचा. पॉइंटच्या मधून कोरा कागद ओढायचा, पाणी तो पितो. पावसाळ्यात ऊन नसे, तेव्हा टोपी स्टोव्हच्या वर हातात धरून शेकायची. हाताला चटका बसेल इतकी नाही, नाही तर बेकेलाइट तडकतं. काही मिस्त्री टोपी पेट्रोलने धूत. पेट्रोल लवकर उडून जातं हे खरं, पण वाफ आत राहिली आणि घाईत सेल्फ मारला, तर रोटरच्या ठिणगीने ती पेटते. चाचा पेट्रोल लावल्यावर टोपी बाजूला ठेवून चहा मागवत. चहा पिऊन होईपर्यंत बसवायची नाही.

कधी टोपी हाडासारखी कोरडी, तरी करंट गळतो. मग आतल्या भिंतीवर केसासारखी काळी रेघ शोधायची. ओल्या टोपीतून करंट वारंवार गेला की बेकेलाइट जळून त्याचा कोळसा होतो, आणि कोळशातून करंट कोरड्यातही जातो. रेघ ब्लेडने खरवडून दोन-चार दिवस ढकलता येत. खरा इलाज नवी टोपी. गिऱ्हाइकाला ही रेघ दाखवावी लागे, नाही तर त्याला वाटे, मिस्त्री पाण्याच्या नावाखाली पार्ट खपवतोय. तसे खपवणारेही होते, नाही असं नाही.

शेवटी वायरी परत लावायच्या. फियाट असो की अॅम्बॅसडर, क्रम एक-तीन-चार-दोन. गाळ्यात नव्या पोऱ्याला पाना ओळखण्याआधी हा क्रम पाठ करायला लावत. गिऱ्हाइकाने घरीच सगळ्या वायरी उपसून, पुसून, आपल्या मनाने लावलेल्या असत. मग इंजिन कार्बुरेटरातून फाड्कन बॅकफायर मारी आणि मालक म्हणे, पाणी आत गेलं. पाणी कधीच वाळलेलं असे.

आणि घरी तासभर सेल्फ मारून आणलेली गाडी तर दुहेरी आजारी. बॅटरी उतरलेली, चोक ओढून ओढून प्लग पेट्रोलने भिजलेले. पाण्याचा दोष दुरुस्त केला तरी ती उचलायची नाही. प्लग काढून स्टोव्हवर तापवायचे, चोक आत दाबायचा, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून ठेवायचा आणि धक्का मारायचा. पायाने पंप करायचा नाही, हे तीनदा सांगावं लागे.

धुण्याची तऱ्हाही बदलत गेली. पूर्वी रॉकेल आणि ब्रश. पत्रीने चिकटा खरवडायचा, रॉकेल चोपडायचं, थोडं मुरू द्यायचं, फडक्याने पुसायचं. पाणी जेमतेम. रॉकेल करंटला वाट देत नाही, त्यामुळे त्या धुलाईने गाड्या क्वचितच बंद पडत. पेटण्याचा धोका मात्र खरा होता, आणि रॉकेल रेशनवरचं, घरच्या स्टोव्हच्या तोंडचं काढलेलं. चांगली धुलाई हवी असेल तर बर्मा-शेल, एस्सो, कॅल्टेक्सच्या पंपांवर सर्व्हिस स्टेशन असत. गाडी लिफ्टवर चढवून खालून पाण्याचा फवारा, मग ग्रीसिंग, मग स्प्रिंगच्या पाट्यांवर तेलाचा फवारा. तिथली मुरलेली माणसं डिस्ट्रिब्युटरवर रबरी ट्यूबचा तुकडा बांधल्याशिवाय नळी हातात घेत नसत. सत्तरच्या दशकात या कंपन्यांचं राष्ट्रीयीकरण झालं, पाट्या बदलल्या, आणि हळूहळू रस्त्याकडेला पंप आणि नळी घेऊन बसलेली स्वतंत्र धुलाई केंद्रं वाढली. त्यांच्याकडे पाण्याला जोर भरपूर, सोबत धुण्याची पावडर किंवा सोडा. सोडा अॅल्युमिनियमला खातो, त्याच्याने कार्बुरेटर काळा पडतो. आणि साबणाचा पापुद्रा वाळल्यावरही टोपीवर राहतो, हवेतला ओलावा ओढून घेतो. मुंबईच्या हवेत ओलाव्याला तोटा कुठला? आमचा खरा धंदा वाढला तो या पावडरीमुळे.

हा छळ आपल्याकडेच होता असं नाही. इंग्लंडमध्ये १९५९ साली मिनी आली. तिचा आराखडा करणाऱ्या इसिगोनिसने इंजिन आडवं बसवलं आणि डिस्ट्रिब्युटर थेट समोरच्या जाळीमागे आला. पावसात गाडी चालवली की धुतल्यासारखीच. तिथले लोक रबरी हातमोजा टोपीवर चढवून त्याच्या बोटांतून वायरी बाहेर काढत. अमेरिकेत क्षेपणास्त्राला गंज लागू नये म्हणून १९५३ मध्ये सॅन दिएगोत बनवलेलं डब्ल्यूडी-४० पुढे बाजारात आलं, आणि १९६१ च्या कार्ला वादळात भिजलेल्या गाड्या सावरायला त्याचा ट्रकभर माल गेला. सैन्याने तर प्रश्नच मिटवला होता: १९५० च्या एम-३८ जीपचं इग्निशन बंदिस्त होतं, नदीतून नेली तरी चालेल असं. म्हणजे पाणी न शिरणारा डिस्ट्रिब्युटर करता येत नव्हता असं नाही. साध्या माणसाच्या गाडीत तो बसवायला पैसे लागत, एवढंच.

डिझेलवाले आम्हांला हसत. एसटीची पहिली बस १ जून १९४८ ला पुण्याहून नगरला गेली, तेव्हापासूनचा एसटीचा व्याप पुढे डिझेलवरच वाढला. डेपोत बसवर नळी सोडायची, आणि पाणी निथळत असताना स्टार्टर मारायचा. डिझेलला ठिणगी नाही, कॉइल नाही, टोपी नाही, दाबानेच पेटतं. ऐंशीच्या सुमारास अॅम्बॅसडरमध्ये डिझेल आलं, पद्मिनीतही पुढे आलं, आणि आमचं थोडं गिऱ्हाईक कमी झालं. ते सीएनजीने परत दिलं. गॅस पेटवायला पेट्रोलपेक्षा जबर ठिणगी लागते, त्यामुळे जी गळती पेट्रोलवर खपून जाई ती गॅसवर खपेना. काळी-पिवळीवाले पेट्रोलवर चालू करून मग गॅसवर टाकत, आणि टाकल्याबरोबर गाडी खोकू लागली की समजायचं, टोपी उघडा.

खरा शेवट कायद्याने केला. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली, तेव्हा तीन सिलिंडर आणि एक-तीन-दोन हा नवा क्रम सोडला तर आमच्यासाठी फार काही बदललं नव्हतं. कॅमशाफ्टच्या टोकाला डिस्ट्रिब्युटर होता, ओला होत होता. मग धुराचे नियम आले. १९९९ साली सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीसाठी तारखा ठरवल्या, २०००-०१ मध्ये भारत स्टेजचे नियम मोठ्या शहरांत लागू झाले, आणि कार्बुरेटर व पॉइंट यांच्याने ते पाळणं शक्य नव्हतं. एमपीएफआय, म्हणजे पेट्रोल फवारणारं इंजेक्शन, आलं. हळूहळू टोपी गेली, रोटर गेला, लांब वायरी गेल्या. प्लगच्या डोक्यावर रबराच्या बुचात बसलेली कॉइल आली. ठिणगीला उघड्यावरून चालायचं अंतरच राहिलं नाही. धुरासाठी केलेल्या नियमांनी पाण्याचा प्रश्न सोडवला.

त्याच्या जागी जो प्रश्न आला तो आम्हांला २६ जुलै २००५ ने दाखवला. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस. कुर्ला, कलिना, शीव भागांत गाड्या टपापर्यंत बुडाल्या. पाणी ओसरल्यावर लोकांनी जुन्या सवयीने सेल्फ मारला. सिलिंडरमध्ये पाणी असताना पिस्टन वर आला तर पाणी दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. जुन्या फियाटी प्लग काढून, पाणी उपसून, तेल बदलून चालू झाल्या. त्यांच्यात बिघडायला नाजूक असं होतं काय? नव्या गाड्यांच्या ईसीयूत, म्हणजे इंजिनाच्या संगणकात, पाणी गेलेलं, कनेक्टरच्या पिना हिरव्या पडलेल्या. फडक्याने पुसण्यासारखं काहीच नव्हतं. विम्याच्या भांडणात ‘सेल्फ कोणी मारला’ हा सवाल तेव्हापासून आला.

पद्मिनीची शेवटची टॅक्सी ताडदेवला २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, म्हणून २०२३ च्या ऑक्टोबरअखेर तीही रस्त्यावरून गेली. दसरा तेव्हा नुकताच झाला होता. गाळा चाचांच्या मुलांनी त्याआधीच विकला. तिथे आता मोबाइलची कव्हरं मिळतात.

तरी फोन येतात. हौसेने अॅम्बॅसडर किंवा फियाट डिलाइट ठेवणारी मंडळी आहेत, तरुण आहेत बरीचशी. त्यांना मी सांगतो: धुवायचंच असेल तर इंजिन पूर्ण गार होऊ द्या. आधी बॅटरीची अर्थ काढा. टोपी, कॉइल आणि डायनामोवर प्लास्टिक बांधा, एअर क्लीनरचं तोंड बंद करा. अॅम्बॅसडरचा डिस्ट्रिब्युटर ब्लॉकच्या बाजूला खाली आहे, त्यावर वरून ओघळ येतो, तिथे प्लास्टिक दुहेरी. नळी नको, ब्रश आणि थोडं डिझेल पुरे. सकाळी धुवा, बोनेट दुपारभर उघडं ठेवा. मग प्लास्टिक काढा, टोपी आतून पुसा, अर्थ लावा आणि सेल्फ मारा. तिसऱ्यांदा उचलली नाही तर थांबा, चोकला हात लावू नका, आणि मला फोन करा. खंडेनवमी असली तरी चालेल.